यादीतला एकतिसावा

फॉर्मवर एक रकाना होता : मातृभाषा.
मी पेन धरून तसाच उभा.
घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, दुकानात मराठी,
आणि मार्कंडेय तिन्ही भाषांत गप्प.

हत्तुरे बाई म्हणाल्या, राहू द्या रिकामं.
जागा बारा आहेत, दुडम. यादीत तुम्ही एकतिसावे.
वर्गही आठवड्यातून तीनच दिवस,
बाकीचे दिवस मी बार्शीला.

पुण्याला आहेत की शाळा, जो तो सांगतो,
जसं काही पुणं अशोक चौकाच्या पुढचा स्टॉप.
अनसूया दिवसाला हजार विड्या वळते.
पुण्याचं भाडं मी विड्यांत मोजून पाहिलं एका रात्री,
मग दिवा बंद केला.

आधीच्या शाळेनं चार महिने ठेवला त्याला.
घंटा झाली की कान झाकून बाकाखाली.
हेडमास्तर माणूस चांगला, चहा पाजून बोलले.
दाखल्यावर कारण लिहिलं :
पालकांच्या विनंतीवरून.
मी विनंती केली नव्हती.
सही केली होती.

नारळी पौर्णिमेला आमच्या देवाचा रथ निघतो.
त्याच देवाचं नाव पोराला.
आम्ही तिघं गल्लीच्या तोंडाशी थांबतो,
ढोल जवळ आला की मागं, अजून मागं,
शेवटी घरात, दार लावून.
कथेत देव त्या बापाला विचारतो,
सोळा वर्षांचा गुणी हवा, की शंभर वर्षांचा मंद?
बापानं म्हणे लगेच सांगितलं.
लहानपणी मलाही ते उत्तर बरोबर वाटायचं.

एक गोष्ट मी फॉर्मात लिहिली नाही,
तेवढी जागाच नव्हती तिथं.
घंटेला भिणारा हा पोरगा
यंत्रमागाच्या खडखडाटात गाढ झोपतो,
कारखान्यात, टॉवेलांच्या गठ्ठ्यावर.
तिथं कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही,
मालकापासून हमालापर्यंत सगळे हातांनी बोलतात.
पाणी हवं, असं. कांडी संपली, असं.
जेवायला चल, असं.
तिथं तो कुणाहून कमी बोलत नाही.

एकदा त्यानं माझा शर्ट ओढला,
चार नंबरच्या मागाकडे नेलं, बोट दाखवलं.
ताण्यातला एक धागा तुटलेला.
बावीस वर्षं मागावर काढून मला दिसला नव्हता.
वेळेत नाही सांधला तर चादरीभर रेघ जाते,
चादर सेकंडच्या गठ्ठ्यात, निम्म्या भावानं.
(थंडीला तो फरक कळत नाही, ही गोष्ट वेगळी.)

सोमवारी रात्रपाळी करून तसाच वर्गावर जातो, त्याला घेऊन.
मार्चमध्ये कुणीतरी हैदराबादला गेलं,
कुणी थकून नाव काढून घेतलं.
दोन घरं खचली तेव्हा आम्ही दोन पायऱ्या वर आलो.
आनंद झाला. अनसूयाला सांगताना
मी तो आनंद आवाजात येऊ दिला नाही.

बाई म्हणाल्या, तोवर बाहेर बसवा, माझी हरकत नाही.
मग तो पायरीवर. आत बारा मुलं,
बाहेर बारा जोड चपला, कशाही पडलेल्या.
त्यानं त्या लावल्या, भिंतीला धरून,
लहानापासून मोठ्यापर्यंत, टाच टाचेला.
दोन सोमवार एवढंच.

तिसऱ्या सोमवारी स्वतःच्या काढल्या.
शेवटी ठेवील, मला वाटलं.
त्यानं मापानं बघितलं, सात जोड बाजूला सरकवले
आणि मध्ये, जिथं बसतात तिथं, आपल्या ठेवल्या.

बाई दाराशी आल्या. खाली बघत राहिल्या,
ओठ हलत होते, मोजत असाव्यात.
काही बोलल्या नाहीत.
आत गेल्या, पण त्या दिवशी दार लोटलं नाही,
एप्रिलचं ऊन सतरंजीपर्यंत गेलं.

यादीत आम्ही अजून एकोणतिसावे.